अमिनो अल्कोहोल आणि एचआयव्हीवरील औषधे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमिनो अल्कोहोल म्हणजे नेमके काय? याचा दारूशी काही संबंध आहे का?

दारूशी संबंध नाही. रसायनशास्त्रात कार्बनच्या अणूला ऑक्सिजन आणि हायड्रोजन यांची जोडी, म्हणजे हायड्रॉक्सिल गट, जोडलेला असेल तर त्या संयुगाला अल्कोहोल म्हणतात. त्याच रेणूत नायट्रोजनयुक्त अमाइन गटही असेल, तर तो अमिनो अल्कोहोल होतो. इथॅनोलअमाइन हा या घराण्यातील सर्वात साध्या सदस्यांपैकी एक. आपल्या शरीरातील ॲड्रेनॅलिन, पेशींच्या आवरणात आढळणारे स्फिंगोसिन, रक्तदाबासाठी दिले जाणारे प्रोप्रॅनोलॉल आणि क्षयरोगावरील इथॅम्ब्युटॉल ही सगळी याच व्याख्येत बसतात, आणि तरीही त्यांची कामे अगदी वेगवेगळी आहेत. ‘अमिनो अल्कोहोल’ हे एखाद्या औषधाचे किंवा औषधगटाचे नाव नाही, ते रचनेचे वर्णन आहे. ‘लाकडी वस्तू’ म्हटल्यावर खुर्ची की नांगर हे जसे कळत नाही, तसेच येथेही आहे. पुढील बहुतेक उत्तरे याच मुद्द्यावर उभी आहेत.

एचआयव्हीच्या संशोधनात या संयुगांचा शिरकाव कसा झाला?

एका वेगळ्याच वाटेने. एचआयव्हीला पुनरुत्पादनासाठी तीन विकरे, म्हणजे एन्झाइम, लागतात: रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज, इंटिग्रेज आणि प्रोटिएज. बाधित पेशीत विषाणूची प्रथिने सुटी सुटी तयार होत नाहीत. ती एका लांब साखळीत गुंफलेली असतात आणि प्रोटिएज त्या साखळीचे ठरावीक ठिकाणी तुकडे करते. हे तुकडे झाले नाहीत तर पेशीतून बाहेर पडलेला विषाणू अपरिपक्व राहतो व दुसऱ्या पेशीला बाधा करू शकत नाही. १९८८ मध्ये प्रोटिएजमधील एकच अमिनो आम्ल बदलून हे प्रयोगाने दाखवण्यात आले आणि औषधासाठी एक स्पष्ट लक्ष्य मिळाले.

हे प्रोटिएज ॲस्पार्टिक प्रोटिएज या कुळातील आहे. जठरातील पेप्सिन आणि रक्तदाबाच्या नियंत्रणातील रेनिन ही त्याची दूरची भावंडे. या कुळाला रोखणारे पेप्स्टॅटिन नावाचे नैसर्गिक संयुग जपानी संशोधक हामाओ उमेझावा यांच्या गटाने १९७० मध्ये प्रसिद्ध केले होते, आणि त्याच्या गाभ्यात शेजारशेजारच्या कार्बनांवर एक अमाइन व एक हायड्रॉक्सिल आहे. पुढे रेनिन रोखून रक्तदाब कमी करण्यासाठी औषधकंपन्यांनी अशा रचनांवर बरीच वर्षे मेहनत घेतली. त्या मेहनतीतून रक्तदाबावर अपेक्षेइतके काही हाती लागले नाही, पण एचआयव्हीचे प्रोटिएज समोर आले तेव्हा तयार रसायनशास्त्र हाताशी होते. ही औषधे इतक्या लवकर आली याचे श्रेय माझ्या मते त्या आधीच्या, बऱ्याच अंशी फसलेल्या कामाला जितके दिले जाते त्यापेक्षा अधिक द्यायला हवे.

त्या एका हायड्रॉक्सिल गटाला इतके महत्त्व का?

एचआयव्हीचे प्रोटिएज ९९ अमिनो आम्लांच्या दोन एकसारख्या साखळ्यांचे बनलेले असते. दोन्ही साखळ्या जुळतात तेथे मधोमध एक बोगद्यासारखी पोकळी तयार होते आणि तिच्या तळाशी प्रत्येक साखळीतील २५ व्या स्थानावरचे ॲस्पार्टिक आम्ल समोरासमोर येते. १९८९ मध्ये स्फटिकांच्या क्ष-किरण अभ्यासातून ही रचना उलगडली. कापायची प्रथिनसाखळी पोकळीत आली की दोन ॲस्पार्टिक आम्ले मिळून पाण्याचा एक रेणू सक्रिय करतात आणि ते पाणी साखळीतील अमिनो आम्लांना जोडणाऱ्या अमाइड बंधाच्या कार्बनवर चाल करते. क्षणभर तो सपाट कार्बन चार बाजूंना हात पसरलेल्या आकाराचा होतो, त्याच्यावर दोन हायड्रॉक्सिल गट असतात, आणि मग बंध तुटतो.

ही मधली अवस्था अत्यंत अल्पायुषी असते, पण विकर तिलाच सर्वात घट्ट धरून ठेवते. त्या अवस्थेसारखा दिसणारा आणि न तुटणारा रेणू बनवला तर विकर त्याला पकडेल आणि त्यातच अडकून पडेल, हा या औषधांमागचा तर्क आहे. तुटणाऱ्या अमाइडच्या जागी हायड्रॉक्सिल असलेला कार्बन, त्याच्याशेजारी एक साधा कार्बन आणि मग नायट्रोजन, अशी मांडणी केली की हे साधते. या मांडणीला हायड्रॉक्सिएथिलअमाइन म्हणतात, आणि ती अमिनो अल्कोहोलचीच एक तऱ्हा आहे. हायड्रॉक्सिल दोन ॲस्पार्टिक आम्लांच्या बरोबर मधे बसतो, त्यांच्याशी हायड्रोजन बंध जोडतो आणि जेथे पाण्याने काम करायचे असते ती जागा अडवतो. पाण्याने तोडण्याजोगा अमाइड बंध त्या ठिकाणी उरलेलाच नसतो.

विषाणूचे प्रोटिएज अडवताना माणसाची तशीच विकरे का अडत नाहीत?

येथे विषाणूच्या एका सवयीचा फायदा झाला. एचआयव्हीचे प्रोटिएज काही ठिकाणी फेनिलॲलनिन किंवा टायरोसिन आणि त्यानंतरचे प्रोलिन या अमिनो आम्लांमधला बंध कापते. सस्तन प्राण्यांतील प्रोटिएज सहसा प्रोलिनच्या आधीचा बंध कापत नाहीत. रॉश कंपनीच्या ब्रिटनमधील संशोधकांनी नेमके हेच हेरले. त्यांनी फेनिलॲलनिन-प्रोलिनच्या जोडीची नक्कल करणारे हायड्रॉक्सिएथिलअमाइन रेणू बनवले आणि १९९० मध्ये ते प्रसिद्ध केले. प्रोलिनच्या जागी दोन वलयांची मोठी रचना बसवल्यावर रेणूची पकड कमालीची वाढली, आणि मानवी ॲस्पार्टिक प्रोटिएजवरचा परिणाम मात्र नगण्य राहिला. हाच रेणू पुढे सॅक्विनाव्हिर झाला. शिवाय मानवी पेप्सिन किंवा रेनिन एकाच साखळीचे असते आणि त्याची पोकळी सममित नसते, त्यामुळे आकारातही पुरेसा फरक पडतो.

या तत्त्वावर कोणती औषधे प्रत्यक्षात वापरात आली?

सॅक्विनाव्हिरला अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने डिसेंबर १९९५ मध्ये मान्यता दिली. प्रोटिएज रोखणारे ते पहिले मान्यताप्राप्त औषध होते. मार्च १९९६ मध्ये रिटोनाव्हिर आणि इंडिनाव्हिर, १९९७ मध्ये नेल्फिनाव्हिर, १९९९ मध्ये ॲम्प्रेनाव्हिर, २००० मध्ये रिटोनाव्हिरसोबत लोपिनाव्हिर, २००३ मध्ये ॲटाझानाव्हिर आणि २००६ मध्ये डारुनाव्हिर आले. तपशिलात यांच्या रचना वेगवेगळ्या आहेत, तरी प्रत्येकाच्या मध्यभागी दोन ॲस्पार्टिक आम्लांसमोर बसणारा एक हायड्रॉक्सिल आहे आणि त्याच्या आजूबाजूला नायट्रोजन आहे. २००५ चे टिप्रानाव्हिर हा ठळक अपवाद. त्याचा गाभा पूर्णपणे वेगळा आहे.

इंडिनाव्हिरमध्ये तर अमिनो अल्कोहोल केवळ मध्यभागी नसून टोकालाही एक आहे. टोकाच्या अमिनो अल्कोहोलचे नाव अमिनोइंडॅनॉल. हा तुकडा योग्य त्या एकाच रूपात मोठ्या प्रमाणावर बनवणे हे त्या काळी रासायनिक कारखान्यांपुढचे मोठे कोडे होते, आणि ते सुटल्यानंतर अमिनोइंडॅनॉल इतर असंख्य रासायनिक क्रियांमध्येही उपयोगी पडू लागला. औषधाने रसायनशास्त्राला दिलेली ही परतफेडच म्हणायची.

संशोधनात ‘हायड्रॉक्सिलची दिशा’ असा उल्लेख वारंवार का येतो?

डावा हात आणि उजवा हात एकसारखे दिसतात, पण डाव्या हाताचा मोजा उजव्यात नीट बसत नाही. ज्या कार्बनला चार वेगवेगळे गट जोडलेले असतात, त्याचेही असेच डावे-उजवे रूप असते. पोकळीतील ॲस्पार्टिक आम्ले ठरावीक जागी असल्यामुळे हायड्रॉक्सिल चुकीच्या बाजूला वळला की पकड ढिली होते. सॅक्विनाव्हिर, ॲम्प्रेनाव्हिर आणि डारुनाव्हिर यांत त्याची एक विशिष्ट दिशा चालते. गंमत अशी की लांब पेप्टाइड (म्हणजे अमिनो आम्लांची) साखळी असलेल्या काही सुरुवातीच्या प्रायोगिक रेणूंत नेमकी उलटी दिशा अधिक प्रभावी ठरली होती, कारण साखळीची लांबी बदलली की सारा रेणूच पोकळीत थोडा सरकून बसतो. ‘अमुक दिशा चांगली’ असा सरसकट नियम म्हणूनच करता येत नाही. रेणू नवा असेल तर दोन्ही रूपे बनवून तपासावी लागतात. क्षयरोगावरील इथॅम्ब्युटॉलचेही हेच आहे: त्याचे एकच रूप जंतूंवर परिणाम करते, आरशातील रूप जवळजवळ निष्क्रिय असते.

सोयीचा भाग असा की निसर्गातील अमिनो आम्ले एकाच रूपात मिळतात. फेनिलॲलनिनपासून सुरुवात केली तर नायट्रोजनाशेजारची दिशा आपोआप ठरते. त्यापासून इपॉक्साइड नावाचे तीन अणूंचे ताणलेले वलय बनवायचे आणि ते अमाइनने उघडायचे, की हवा तो अमिनो अल्कोहोल मिळतो. ॲम्प्रेनाव्हिर आणि डारुनाव्हिर यांचा गाभा याच वाटेने तयार होतो.

इतकी नेमकी औषधे असूनही रुग्णांना मूठभर गोळ्या का घ्याव्या लागत होत्या?

विकराला घट्ट पकडणे वेगळे आणि पोटातून रक्तात पोहोचणे वेगळे. पहिल्या रूपातील सॅक्विनाव्हिरचा जेमतेम ४ टक्के भाग रक्तात उतरत असे. रेणू मोठा होता, पाण्यात फारसा विरघळत नव्हता आणि आतडे व यकृत यांतील सीवायपी-३ए-४ हे विकर त्याचा वेगाने निकाल लावत होते. इंडिनाव्हिर दर आठ तासांनी, शक्यतो रिकाम्या पोटी घ्यावे लागे आणि त्यासोबत भरपूर पाणी प्यावे लागे, कारण मूत्रात त्याचे स्फटिक साचून मूतखडे होत.

उपाय अनपेक्षित दिशेने आला. रिटोनाव्हिर हे स्वतः प्रोटिएजवरचे औषध, पण ते यकृतातील त्या विकरालाही जोरात रोखते. त्याची अल्प मात्रा दुसऱ्या औषधासोबत दिली की ते दुसरे औषध रक्तात अधिक काळ टिकते. आज रिटोनाव्हिरचा वापर मुख्यतः या ‘जोडीदार’ म्हणूनच होतो. कोविडवरील निर्मॅट्रेल्व्हिरसोबतही ते याच कारणासाठी दिले जाते. आणखी एक युक्ती फॉसॲम्प्रेनाव्हिरमध्ये दिसते. त्यात ॲम्प्रेनाव्हिरच्या त्याच निर्णायक हायड्रॉक्सिलवर फॉस्फेटची टोपी चढवलेली असते. त्यामुळे औषध पाण्यात सहज विरघळते, आतड्याच्या भिंतीतील विकर ती टोपी उतरवते आणि मूळ औषध मोकळे होते.

विषाणू या औषधांना सरावतो का?

सरावतो, आणि एकट्या औषधाने उपचार केल्यास लवकर सरावतो. रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज विषाणूच्या जनुकांची नक्कल करताना चुका करते आणि त्या दुरुस्त करण्याची सोय त्याच्याकडे नसते. उपचार नसलेल्या बाधित व्यक्तीच्या शरीरात दररोज अब्जावधी नवे विषाणू तयार होतात, त्यामुळे औषधाला दाद न देणारे उत्परिवर्तन कोठेतरी आधीच असण्याची शक्यता मोठी असते. नेल्फिनाव्हिरसमोर प्रोटिएजच्या ३० व्या स्थानी, सॅक्विनाव्हिरसमोर ४८ व्या आणि ९० व्या स्थानी, तर ॲम्प्रेनाव्हिरसमोर ५० व्या स्थानी बदल होतात, हे सुस्थापित आहे. मधली दोन ॲस्पार्टिक आम्ले मात्र विषाणू बदलू शकत नाही, कारण ती बदलली तर प्रोटिएजच निकामी होते. तो बदलतो पोकळीच्या भिंती, म्हणजे औषधाचे बाजूचे गट जेथे टेकतात ती जागा.

डारुनाव्हिरची कल्पना याच निरीक्षणातून आली. रसायनशास्त्रज्ञ अरुण घोष आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असा विचार केला की भिंतींवरचे बाजूचे गट बदलले तरी प्रथिनाचा मुख्य कणा फारसा हलत नाही, म्हणून औषधाने त्या कण्याशीच जास्तीत जास्त हायड्रोजन बंध करावेत. अमिनो अल्कोहोलचा गाभा ॲम्प्रेनाव्हिरचाच ठेवून त्यांनी टोकाला दोन जोडलेल्या ऑक्सिजनयुक्त वलयांचा तुकडा बसवला. त्यामुळे अनेक जुन्या औषधांना दाद न देणाऱ्या विषाणूंवरही ते चालले, आणि त्याच्याविरुद्ध ठळक प्रतिरोध निर्माण व्हायला सहसा अनेक बदल एकत्र जमावे लागतात. माझ्या मते या सगळ्या कथेतील हा सर्वात शिकवणारा टप्पा आहे. गाभा तोच होता, फरक पडला तो टोकामुळे.

प्रोटिएज सोडून इतर औषधांत अमिनो अल्कोहोलचे काही काम आहे का?

आहे, आणि याकडे क्वचितच लक्ष जाते. विषाणूची प्रत पेशीच्या गुणसूत्रात बसवणारे विकर म्हणजे इंटिग्रेज. ते रोखणाऱ्या औषधांकडे पाहावे. डोल्युटेग्राव्हिर बनवताना ३-अमिनोब्युटॅनॉलचे एकच रूप वापरले जाते, कॅबोटेग्राव्हिरसाठी ॲलनिनपासून मिळणारा ॲलॅनिनॉल, बिक्टेग्राव्हिरसाठी वलयाकार अमिनोसायक्लोपेंटॅनॉल आणि एल्व्हिटेग्राव्हिरसाठी व्हॅलिनपासून मिळणारा व्हॅलिनॉल. पहिल्या तिघांत अमिनो अल्कोहोलचे नायट्रोजन व ऑक्सिजन दोन्ही मोठ्या वलयरचनेत गुंफले जातात, त्यामुळे तयार औषधात त्याची मूळ ओळख पुसून जाते. एल्व्हिटेग्राव्हिरमध्ये हायड्रॉक्सिल मोकळा राहतो.

परंतु या औषधांची मुख्य पकड वेगळ्याच गोष्टीवर आहे. इंटिग्रेजच्या केंद्रात मॅग्नेशियमचे दोन आयन असतात आणि औषधातील ओळीने मांडलेले ऑक्सिजन त्या आयनांना धरतात. डोल्युटेग्राव्हिरमधील अमिनो अल्कोहोलपासून आलेला ऑक्सिजन त्यांपैकी नाही. त्याचे वलय रेणूचा आकार आखून देते. प्रोटिएजच्या औषधांत अमिनो अल्कोहोल प्रत्यक्ष झुंजतो, येथे तो चौकट पुरवतो.

रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज रोखणाऱ्या ॲबाकाव्हिरच्या घडणीतही वलयाकार अमिनो अल्कोहोल हा महत्त्वाचा टप्पा आहे. त्याच विकरावरील एफाव्हिरेन्झची गोष्ट आणखी निराळी: त्याच्या एका प्रसिद्ध औद्योगिक पद्धतीत इफेड्रिनच्या घराण्यातील अमिनो अल्कोहोल केवळ मदतनीस म्हणून वापरला जातो. तो अभिक्रियेला डावे-उजवेपण देतो आणि बाजूला होतो, तयार गोळीत त्याचा अंशही अपेक्षित नसतो.

प्रयोगशाळेत आशादायक ठरून पुढे मागे पडलेली उदाहरणे आहेत का?

पुष्कळ आहेत. एक बोलके उदाहरण अमिनो अल्कोहोलच्या शेजारच्या घराण्यातील आहे. वलयात नायट्रोजन आणि अंगावर अनेक हायड्रॉक्सिल असलेली, साखरेसारखी दिसणारी संयुगे पेशीतील ग्लुकोसायडेज, म्हणजे प्रथिनांवरील साखरेचे घटक छाटणारी विकरे, रोखतात. त्यामुळे एचआयव्हीच्या आवरणावरील प्रथिनाची घडी बिघडते. त्यांपैकी ब्युटिल-डीऑक्सिनोजिरिमायसिनची माणसांवर चाचणीही झाली. पण परीक्षानळीत लागणारी पातळी रक्तात सुरक्षितपणे गाठणे जमले नाही आणि जुलाबाचा त्रास आड आला. हेच संयुग पुढे मिग्लुस्टॅट या नावाने गॉशे रोग या दुर्मीळ आनुवंशिक आजारावर मान्य झाले.

‘नव्या अमिनो अल्कोहोल संयुगाने एचआयव्ही रोखला’ अशी बातमी कशी वाचावी?

प्रथम पाहावे, कोठे रोखला. शुद्ध विकरावर, पेशींच्या संवर्धनात, प्राण्यांत की माणसांत? या चार पायऱ्यांमध्ये मोठे अंतर आहे. विकर निम्मे थांबवणारी मात्रा नॅनोमोलर, म्हणजे अत्यंत अल्प, असली तरी संयुग पेशीच्या आत शिरत नसेल तर तिचा उपयोग नाही. पेशींवरील निष्कर्षासोबत त्या पेशींनाच मारणारी मात्राही दिलेली असावी, कारण दोन आकडे जवळजवळ असतील तर विषाणूऐवजी पेशीच मरत आहेत अशी शंका घ्यावी लागते. ही शंका या घराण्याबाबत विशेष रास्त आहे. लांब तेलकट साखळी आणि भारित अमाइन असलेले अमिनो अल्कोहोल साबणासारखे वागून पेशींची आवरणे फोडू शकतात, आणि तेव्हा दिसणारा ‘विषाणूरोधक’ परिणाम फसवा असतो.

त्यानंतर रक्तातील प्रथिने मिसळून चाचणी केली का, हे पाहावे. प्रोटिएजवरील अनेक औषधे रक्तातील प्रथिनांना घट्ट चिकटतात आणि मोकळा राहिलेला अंशच काम करतो. औषधरोधी विषाणूंवर संयुग चालते का, तुलनेसाठी डारुनाव्हिरसारखे प्रचलित औषध ठेवले होते का, आणि डावे-उजवे रूप स्पष्ट सांगितले आहे का, याही गोष्टी तपासाव्यात. संगणकावर केवळ पोकळीत रेणू बसवून दाखवलेला निष्कर्ष हा अंदाज आहे, पुरावा नव्हे.

प्रसाधने किंवा पूरक पदार्थांत अमिनो अल्कोहोल असतात. त्यांचा उपयोग होईल का?

नाही. क्रीममधील ट्रायइथॅनोलअमाइन आम्लता जुळवण्यासाठी असते. नावातील साम्यापलीकडे त्याचा या औषधांशी संबंध नाही.

या औषधांनी एचआयव्ही पूर्ण बरा होतो का?

नाही. प्रोटिएज रोखणारे औषध नव्या विषाणूंना परिपक्व होऊ देत नाही, पण ज्या पेशींच्या गुणसूत्रांत विषाणूची प्रत आधीच बसलेली आहे त्यांना ते हात लावत नाही. अशा सुप्त पेशी वर्षानुवर्षे टिकतात आणि उपचार थांबल्यास विषाणू सहसा काही आठवड्यांत परततो. मात्र १९९६ पासून तीन औषधांच्या एकत्रित उपचाराने आजाराचे स्वरूपच पालटले. नियमित उपचाराने रक्तातील विषाणू मोजता न येण्याइतका कमी राहिला, तर लैंगिक संबंधातून तो जोडीदाराकडे जात नाही.

आज या संशोधनाला कितपत जागा उरली आहे?

पहिल्या उपचारासाठी आता जगभर मुख्यतः डोल्युटेग्राव्हिरसारखी इंटिग्रेजवरील औषधे निवडली जातात. प्रोटिएजवरील औषधे, विशेषतः डारुनाव्हिर, प्रतिरोध निर्माण झाल्यावर किंवा इतर पर्याय चालत नसताना उपयोगी पडतात. दीर्घकाळ टिकणारी इंजेक्शने हा सध्याचा जोमदार प्रवाह आहे. त्यांपैकी कॅबोटेग्राव्हिर ॲलॅनिनॉलपासून बनते, तर २०२२ मध्ये मान्यता मिळालेले, वर्षातून दोनदा टोचले जाणारे लेनाकॅपाव्हिर विषाणूच्या कॅप्सिड कवचावर काम करते आणि हायड्रॉक्सिएथिलअमाइनच्या कल्पनेशी त्याचे नाते नाही. हायड्रॉक्सिएथिलअमाइनचा गाभा मात्र इतरत्र फिरतो आहे. मलेरियाच्या परजीवीतील प्लाझ्मेप्सिन आणि अल्झायमरशी निगडित बीटा-सिक्रिटेज हीही ॲस्पार्टिक प्रोटिएजच असल्याने त्यांच्यावर याच रचनेचे रेणू तपासले गेले आहेत.

सध्या प्रोटिएजवरील औषध चालू असेल तर काय लक्षात ठेवावे?

रिटोनाव्हिर किंवा तसेच ‘जोडीदार’ औषध असलेले कोबिसिस्टॅट सोबत असेल तर इतर अनेक औषधांची रक्तातील पातळी बदलते. कोलेस्टेरॉलवरील सिम्व्हास्टॅटिन व लोव्हास्टॅटिन त्यांच्यासोबत घेऊ नयेत, क्षयरोगावरील रिफॅम्पिसिन प्रोटिएजवरील औषधाची पातळी खाली ओढते, आणि श्वासावाटे घेतल्या जाणाऱ्या फ्लुटिकॅसोनसारख्या स्टेरॉइडचा परिणाम सर्व शरीरावर होऊ शकतो. म्हणून दातांच्या, डोळ्यांच्या किंवा अन्य कोणत्याही डॉक्टरांकडे जाताना चालू औषधांची पूर्ण यादी सोबत न्यावी, आणि कोणतीही मात्रा स्वतःहून कमी-जास्त करू नये किंवा थांबवू नये.